तिच्या नावाच्या फाईलला कुलूप

त्रिशला चौगुलेला एक खोड होती. घराला कुलूप लावून जिना उतरायला लागली की ती हमखास परत वर जायची आणि कुलूप ओढून बघायची. भरतेश खाली स्कूटर चालू करून उभा असायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, की अगं, त्या कुलपाचीसुद्धा आता चिडचिड होत असेल. ती ऐकल्यासारखं करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जायची.

नोकरीत मात्र या खोडीचं कौतुक व्हायचं. मिरजेत एका सहकारी बँकेचं डेटा सेंटर होतं आणि तिथल्या सगळ्या डिस्क त्रिशलाच्या ताब्यात होत्या. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि कुठली फाईल किती जागा खाते, तिच्यावर कुणाचा हक्क आहे, ते बघत बसायचं, हे तिचं काम. फाईलला नाव असतं, तारीख असते, लांबी असते. एवढं कुणालाही दिसतं. पण तिला काही गुणधर्मही असतात आणि ते मुद्दाम विचारल्याशिवाय दिसत नाहीत. त्यातला एक 'अचल'. तो लावला की ती फाईल खोडता येत नाही, बदलता येत नाही आणि तिच्यात एक अक्षर वाढवताही येत नाही, मग तुम्ही त्या यंत्राचे मालक का असेनात. शेवटच्या अटीकडे बँकेत कुणाचं लक्ष जायचं नाही, कारण हिशेब मिटलेल्या वर्षात कुणाला काही वाढवायचं नसतं. जे जपायचं ते अचल करायचं आणि मगच खुर्चीवरून उठायचं, हा त्रिशलाचा शिरस्ता होता. तिच्या हाताखालच्या सगळ्यांना तिने तोच लावला होता.

भरतेश आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवायचा. एका हिवाळ्यात त्याला ताप आला, तो डोक्यात गेला आणि मेंदूज्वराचं निदान होईपर्यंत बरंच काही जळून गेलं होतं. तो वाचला. चालत होता, बोलत होता, कानस हातात दिली तर अजूनही लोखंड काटकोनात घासून देत होता. फक्त माणसं त्याच्या हातातून निसटत होती. सकाळी भेटलेला माणूस दुपारी नवा असायचा आणि जुनी ओळखही उन्हात ठेवलेल्या फोटोसारखी फिकी होत चालली होती.

तेव्हा भरतेश होता त्या रुग्णालयात डॉक्टर नसरीन मुल्ला कानामागे एक यंत्र बसवू लागल्या होत्या. त्याचं इंग्रजी नाव भलं मोठं होतं. रुग्णांचे नातेवाईक त्याला डबी म्हणायचे. मेंदूत आठवण एका जागी नसते, ती हजारो पेशींत विखुरलेली असते आणि तिची मोट बांधणारा एक छोटा भाग असतो. भरतेशचा तोच भाग गेला होता. डबी त्याचं काम करायची. आत सोडलेल्या केसाएवढ्या तारांनी ती पेशींचं ऐकायची, कोणत्या क्षणी कोणत्या पेशी एकत्र जाग्या झाल्या ते आपल्या डिस्कवर लिहायची, आणि आठवायची वेळ आली की त्याच पेशी त्याच क्रमाने पुन्हा जाग्या करायची. मेंदू माणसांच्या आधाराने आठवतो असं डॉक्टरांना आढळलं होतं, म्हणून डबीत एकेका माणसाची एकेक फाईल होती. समोर माणूस आला की डबी त्याचा चेहरा, आवाज, चाल, वास यांची बेरीज करायची, ती जमली की त्याची फाईल उघडायची आणि पुढचं त्यात लिहीत जायची. बेरीज जमली नाही तर नवी फाईल.

पहिले काही महिने डबीने भरतेशच्या जुन्या ओळखी गोळा केल्या. त्रिशला रोज त्याच्यासमोर बसून लग्नापासूनचं बोलत राहायची आणि डबी लिहून घ्यायची. तिचं बोलून संपलं तेव्हा भरतेश तिच्याकडे बघून म्हणाला, "त्रिशे, तू किती बोलतीस गं." तिला एवढंच हवं होतं.

घरी सोडायच्या दिवशी किणीकर नावाचे तंत्रज्ञ तिला डबीची माहिती द्यायला आले. नातेवाइकांना फक्त बघायचा हक्क मिळतो, असा नियम होता. पण बोलता बोलता त्रिशलाने टर्मिनल, म्हणजे कमांड टाकायचा तो काळा पडदा, मागितलं, दोन कमांड टाकल्या, आणि ही बाई आपल्यातलीच आहे हे किणीकरांनी ओळखलं. ते खूश झाले. आपल्या धंद्यातल्या माणसाला दाराबाहेर उभं करणं त्यांना बरं वाटेना. तुम्हाला काय सांगायचं वहिनी, असं म्हणून त्यांनी तिला सगळे हक्क देऊन टाकले. त्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावर त्रिशला रोज नवरा चहा पीत असताना त्याची डिस्क बघायची. चुकीचं काही शोधत नव्हती, सवय होती. एकदा तिचं लक्ष एका आकड्याकडे गेलं आणि मग तिथून हलेना. तिच्या नावाची फाईल लांबीला सगळ्यांत मोठी होती. लांबी रोज वाढत होती, पण तिने प्रत्यक्षात डिस्कवर व्यापलेली जागा विचारली, तर ती रोज थोडी कमी होत होती.

बँकेत तिने अशा फाईली पाहिल्या होत्या. त्यांना पोकळ फाईल म्हणतात. फाईल सांगते की मी एवढी लांब आहे, पण मधल्या कित्येक ब्लॉकना, म्हणजे तुकड्यांना, डिस्कवर जागाच दिलेली नसते. वाचायला गेलात की यंत्र तिथे शून्यं भरून देतं आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही. फरक दिसतो तो फक्त लांबी आणि जागा शेजारी शेजारी ठेवून बघणाऱ्याला.

तिने डॉक्टर मुल्लांना गाठलं. त्या म्हणाल्या, "यात बिघाड नाही. डिस्क केवढीशी असणार, कानामागे मावायला हवी. त्यामुळे जे अंदाजाने भरून काढता येतं ते डबी साठवत नाही. दूधवाला कधी येतो, कधी येत नाही, तो पूर्ण ठेवावा लागतो. तुम्ही रोज समोर असता. तुम्ही उद्या काय बोलाल ते डबीला आजच माहीत असतं. म्हणून ती तुमचे ब्लॉक सोडून देते आणि गरज लागेल तेव्हा अंदाजाने भरते."

"म्हणजे त्यांना मी आठवत नाही? डबी माझा अंदाज करून त्यांना दाखवते?"

डॉक्टर म्हणाल्या की अंदाज फार चांगला असतो, आणि निरोगी मेंदूही थोडंफार हेच करतो. हे त्यांनी समजूत घालण्यासाठी सांगितलं, पण त्रिशलाने त्यातून वेगळंच ऐकलं. दूधवाला सबंध राहणार आणि आपण आतून पोखरत जाणार. लग्नानंतर पहिल्यांदा स्कूटरवरून पडलो ते, मुलाच्या, सन्मतीच्या, जन्माच्या वेळी भरतेश दवाखान्याच्या पायरीवर बसून केळं खात होता ते, सगळं एक दिवस जाऊन तिथे यंत्राने केलेली एक बरी बायको बसणार. ती घरी आली, भरतेश गॅलरीत पेपर वाचत होता. तिने टर्मिनल उघडलं, स्वतःच्या नावाच्या फाईलवर अचल लावला, आणि लागला का ते पुन्हा एकदा बघितलं. गुणधर्मांच्या रांगेत अचलचं एक अक्षर उमटलं होतं. मग ती उठली आणि जेवायला वाढायला गेली, कारण सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा चौगुलेंच्या घरचा नेम होता.

जेवताना भरतेश म्हणाला, "रविवारी बाहुबलीला जायचं ना?" ती हो म्हणाली.

रविवारी ती दोघं कुंभोजच्या बाहुबलीला गेली. डोंगर चढली, मूर्तीपाशी बसली, येताना रस्त्यावर उसाचा रस प्याली. सोमवारी जेवताना भरतेश म्हणाला, "रविवारी बाहुबलीला जायचं ना?"

आधी तिला वाटलं, विसरला असेल. मंगळवारी त्याने तेच विचारलं तेव्हा तिच्या हातातली पळी तशीच राहिली. या धंद्यात जन्म घालवलेल्या बाईला जे पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं ते आत्ता कळलं. फाईल अचल होती. पोकळ होणार नव्हती, हे खरं. पण तिच्यात एक अक्षर वाढणारही नव्हतं. ती समोर आली की डबी तिला ओळखायची, तिची फाईल उघडायची, लिहायला जायची आणि हात मागे घ्यायची. तो क्षण कुठेच जात नव्हता. खालच्या पाटीलकाकांशी झालेलं बोलणं भरतेशला आठवायचं, सन्मतीचा बंगळूरहून आलेला फोन आठवायचा. फक्त बायकोबरोबरचा काल त्याच्याकडे नसायचा. तो कायमचा त्या कुलूप लावलेल्या संध्याकाळी उभा होता.

तिने अचल काढायची कमांड टाकली. परवानगी नाही, असं उत्तर आलं. किणीकरांना फोन केला तेव्हा कारण कळलं. शरीरातल्या यंत्राशी बाहेरून कुणी खेळू नये म्हणून डबीला एक सुरक्षापातळी होती. चालू असताना कुलूप लावता यायचं, काढता यायचं नाही. काढायचं तर डबी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायची. किणीकर एवढंच म्हणाले, "वहिनी, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत असणार."

डॉक्टर मुल्लांनी तिला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. डबी बंद करणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन. तारांभोवतीच्या पेशी आता डबीच्या तालावर जगत होत्या. इतर ठिकाणी ज्यांची बंद केली त्यातले काही जण नीट शुद्धीवर आलेच नव्हते. आणि समजा सगळं सुरळीत झालं, तरी डबी सुरू होताच आधी साफसफाई करते. जी फाईल इतक्या दिवसांत वाढलेली नाही ती तिच्या हिशेबी मेलेली. पहिल्या झटक्यात तीच पोकळ होणार. त्रिशलाने विचारलं की तिची नक्कल काढून दुसऱ्या नावाने ठेवली तर. डॉक्टरांनी मान हलवली. प्रत्येक ब्लॉक कुठल्या तारेला बांधलाय ते ठरलेलं असतं. नक्कल यंत्राला वाचता येईल, भरतेशच्या मेंदूला येणार नाही.

"तुम्ही सही दिलीत तर आम्ही करू," डॉक्टर म्हणाल्या. "पण मी तुमच्या जागी असते तर दिली नसती."

तिने सही दिली नाही. सन्मतीला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, मग रडला, मग म्हणाला की निदान बाबांना तू आठवतेस तरी. ते खरंच होतं. रोज सकाळी भरतेश तिला बघून हसायचा. रोज ती त्याची लाडकी त्रिशा होती. ती सकाळी भांडली तर तासाभराने ते भांडण उरायचं नाही आणि जवळ बसून दुपारभर बोलली तरी उरायचं नाही. आपण करतो ते सगळं वाळूवर पाणी ओतल्यासारखं जातंय, हे माहीत असूनही ती ओतत राहिली. काही दिवशी तिला इतका राग यायचा की मुद्दाम आमटीत मीठ घालायची नाही. भरतेश मुकाट्याने जेवायचा, आणि उद्या पुन्हा मुकाट्याने जेवणार होता.

असं दोनेक वर्षं चाललं. मग त्रिशलाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनसाठी ती बंगळूरला सन्मतीकडे गेली, इकडे भरतेशजवळ एक सेवक ठेवला. गाठ साधी होती, पण बरं व्हायला वेळ लागला. ती परत आली तेव्हा अर्धी झाली होती. आवाज घोगरा झाला होता, केस गळाले म्हणून उरलेले अगदी बारीक कापले होते.

सेवक सकाळीच काम संपवून गेला होता, दार भरतेशनेच उघडलं. त्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

डबीची बेरीज जमली नव्हती. त्रिशला दमली होती, प्रवासाने अंग दुखत होतं, आणि हे तिला सहन झालं नाही. ती कडवटपणे म्हणाली, "स्वयंपाकाला ठेवलंय मला." भरतेशने ते खरं धरलं. नाव विचारलं. तिने तोंडाला येईल ते सांगितलं, सुरेखा. त्याने तिला स्वयंपाकघर दाखवलं, त्रिशला मुलाकडे गेली आहे हे सेवकाकडून कळलेलं सांगितलं, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते मात्र सगळं चुकीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पीठ मळत होती. भरतेश दारात येऊन म्हणाला, "सुरेखाताई, रागावू नका, पण काल आमटीत चिंच जास्त झालती."

त्रिशलाचे हात पिठात तसेच थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा या माणसाने तिच्या कालच्या आमटीला नावं ठेवली होती. तिला काल मिळाला होता. ती ओट्याकडे तोंड करून रडली आणि त्याला वाटलं की बाई फारच हळवी दिसते.

तिने डिस्क उघडून बघितली. अनोळखी-सात या नावाने एक फाईल तयार झाली होती. लहान होती, पण लांबी आणि जागा अगदी बरोबर जुळत होती. आत कुठेही पोकळी नव्हती. आणि तिच्या शेजारी तिच्या खऱ्या नावाची फाईल, शेवटच्या बदलाची तारीख तीच, दोन वर्षांपूर्वीची.

खरं सांगायचं तर तिने एकदा प्रयत्न केला. एका दुपारी त्याच्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं. स्कूटरवरून पडल्याचा प्रसंग, सन्मतीच्या जन्माच्या वेळचं केळं, कुलूप ओढून बघायची खोड. भरतेश ऐकत राहिला, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि एका क्षणी त्याचे डोळे बदलले. त्याने तिचे बारीक केस चाचपले. "त्रिशे, काय करून घेतलंस हे," असं म्हणून तो हमसून रडला, तीही रडली. बराच वेळ ती दोघं हातात हात घेऊन बसली होती. मग ती चहा टाकायला आत गेली. कप घेऊन बाहेर आली तर तो पेपर वाचत होता. वर बघून म्हणाला, "सुरेखाताई, आज साखर कमी घाला." ओळख पटली त्या क्षणापासूनचं सगळं कुलपावर आपटून गेलं होतं. बेरीज पुन्हा खाली आली होती आणि त्याच्यासमोर पुन्हा स्वयंपाकाची बाई होती.

तेव्हा तिला नियम कळला. आठवणीत राहायचं असेल तर आपण आपण असायचं नाही. मग ती त्या नियमाने राहू लागली. नेहमीचं तेल सोडलं, कुंकवाऐवजी बारीक टिकली लावली, अहो म्हणायचं सोडून सर म्हणू लागली आणि रात्री झोपायला खाली पाटीलकाकूंकडे जाऊ लागली. सन्मती फोनवर म्हणायचा की आई, हे नाटक बंद कर, तुला वेड लागेल. तिचं म्हणणं एवढंच होतं, की माझ्या आमटीला नावं ठेवणारा माणूस मला मिळालाय, तो मी सोडणार नाही.

भरतेशच्या सूर्यास्ताच्या नेमाची त्यात भर पडली. आधी तो जेवायचा आणि मग सुरेखाताई आत जेवायच्या. एकदा त्याने विचारलं की तुम्हीपण दिवस असताना जेवता का. ती हो म्हणाली. त्यावर तो म्हणाला की मग माझं होईपर्यंत थांबलात तर उपाशीच राहाल, तुमचंही ताट इकडेच आणा. तेव्हापासून दोघं समोरासमोर जेवू लागली. जेवताना तो आयटीआयच्या गोष्टी सांगायचा आणि त्रिशलाने शंभरदा ऐकलेल्या त्या गोष्टी सुरेखा नव्याने ऐकायची. तो परवाचं आठवून आज पुढचं सांगायचा. तिने हसताना पदर तोंडाला लावला की तो थोडा थांबून बघायचा. एकदा कामाच्या ओघात त्याने हाक मारली, "सुरेखा, जरा बघ की हे." ताई गळलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही ते सोडून दिलं.

त्रिशला एखाद्या शाळकरी मुलीसारखी हरखली होती, हे सांगायला हवं. आपल्याच नवऱ्याच्या प्रेमात पडायला तिला पन्नाशी उलटावी लागली, वर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं. रोज ती अनोळखी-सातची जागा बघायची आणि ती वाढलेली बघून तिला गालातल्या गालात हसू यायचं. ही फाईल ती कधीच अचल करणार नव्हती. एवढं तरी शहाणपण आलं होतं.

एका संध्याकाळी भरतेश ताटावर बसला पण जेवेना. ऊन खिडकीतून उतरत चाललं होतं. ती म्हणाली, सर, भाकरी गार होतेय. तो ताटाकडे बघत म्हणाला, "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

तिला वाटलं काहीतरी चुकलं. विचारलं तर तो म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकतंय. मी सकाळी उठलो की तुमची वाट बघतो. त्रिशला मुलाकडं गेलीय, आज ना उद्या येईल. ती आली की मला तिच्या तोंडाकडं बघता आलं पाहिजे."

"त्या काही मनात आणणार नाहीत," त्रिशला घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तुम्ही तिला ओळखत नाही," भरतेश म्हणाला. "ती कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघती."

तो चांगला माणूस होता. इतकी वर्षं तिने त्याला चांगला म्हणून जपला होता, त्यासाठी सगळं घालवलं होतं, आणि आता तो चांगुलपणाच तिला घराबाहेर काढत होता. कुणावर रागवायचं? तिने ताटं उचलली, भांडी घासली, ओटा पुसला. भरतेशने दाराशी येऊन तिला हात जोडले.

ती जिना उतरली. खाली पाटीलकाकूंच्या घरी तिची एक पिशवी असायची. ऑपरेशननंतर सन्मतीने आणलेला केसांचा टोप त्यात होता, आणि हिरवं इरकली लुगडं होतं, जे भरतेशला आवडायचं. काकूंनी आरसा पुढे केला. त्रिशलाने टोप घातला, मोठं कुंकू लावलं, नेहमीचं तेल मानेला चोळलं आणि जिना चढून वर गेली. तिला दुसरं काही सुचलं नाही. त्याला आज एकटं ठेवायला नको, एवढंच डोक्यात होतं.

दार उघडून त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "आलीस? कुठं गेलतीस गं इतके दिवस?"

"सन्मतीकडं," ती म्हणाली. "सर्दी झालीय, आवाजाकडं लक्ष देऊ नका."

त्याने तिला आत नेऊन बसवलं, पाणी आणून दिलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग आपणहून सगळं सांगितलं. एक बाई स्वयंपाकाला होती. चांगली होती. तिच्याशी बोलायला बरं वाटायचं, जरा जास्तच बरं वाटायला लागलं. म्हणून आज तिला येऊ नको म्हणून सांगितलं. हे सांगताना त्याने तिचा हात घट्ट धरला होता आणि त्याच्या आवाजात लाज होती आणि थोडा अभिमानही होता.

"वाईट वाटलं का तिला?" त्रिशलाने विचारलं.

"वाटलं असणार. काही बोलली नाही. भांडी घासून गेली." मग तो थोडा हसला. "भाकरी अगदी तुझ्यासारखी करायची."

ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. इतक्या वर्षांत त्याने तिला असं कधी काही दिलं नव्हतं. दुसरीला बाजूला सारून त्याने तिला निवडलं होतं, हे तो स्वतः तिला सांगत होता, आणि यातला एकही शब्द कुठे लिहिला जात नव्हता. सुरेखाला घालवलं ते राहणार होतं. त्रिशला परत आली ते राहणार नव्हतं.

बाहेर अंधारलं. तो म्हणाला, "रविवारी बाहुबलीला जायचं ना?"

"जाऊ," ती म्हणाली.

सकाळी तो उठायच्या आधी ती स्वयंपाकघरात टर्मिनल उघडून बसली. दोन्ही फाईली एकाखाली एक दिसत होत्या. तिची स्वतःची, लांबी तीच, जागा तीच, तारीख तीच, आणि रांगेत ते एक अक्षर. खाली अनोळखी-सात, कालच्याने थोडी वाढलेली. तिच्यावर कुलूप नव्हतं. एक कमांड टाकली की ती गेली असती, तिच्याबरोबर भरतेशचा अपराधीपणा आणि कालचा नकार गेला असता, आणि दारात एखादी नवी बाई स्वयंपाकाला म्हणून पुन्हा उभी राहू शकली असती. त्रिशलाने कमांड टाइप केली. शेवटची कळ दाबायला बोट उचललं. मग चिंच जास्त झालेली आमटी आठवली, ताई गळालेली ती हाक आठवली. गेल्या कित्येक दिवसांत या जगात ती जिथे खरोखर होती अशी ती एकच जागा होती. तिने एकेक अक्षर मागे घेतलं.

खुंटीला टोप अडकवलेला होता. खुर्चीवर हिरव्या लुगड्याची घडी होती. तिच्या अंगावर घरातला साधा गाऊन होता आणि बारीक केसांत पांढरे उगवायला लागले होते.

आतल्या खोलीत पलंग वाजला. भरतेश उठला होता. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज त्याला गेला असावा.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी," त्रिशला म्हणाली.

"मी म्हणजे कोण?"